लवादसाहेबांच्या ताटातली भाकर

प्रिय माय,

काल दुपारी वकीलसाहेबांचा नागपूरहून फोन आला आणि मी पहिली हाक तुम्हालाच मारली. ‘माय वं, जिंकलो!’ असं ओरडत मागच्या दाराशी गेले, तर तिथं तुमची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. तुम्हाला जाऊन वर्ष उलटून गेलं, तरी तोंडाची सवय काही जात नाही.

कंपनीची याचिका हायकोर्टानं फेटाळली. आता पुढे जायचं नाही, असं त्यांच्याच वकिलानं सांगितलं. सोमवारी कापसाचा हंगाम सुरू होतोय आणि जिनिंगचं फाटक आपल्या बायकांसाठी उघडणार आहे. हो, तेच फाटक!

ही बातमी नुसती फोनवर सांगून माझं समाधान होईना. तुमच्या मुलाला सांगितली, तर ते ‘चांगलं झालं’ म्हणाले आणि कोळशाचा ट्रक घेऊन चंद्रपूरला निघून गेले. शेवटी मुलगा तुमचाच! म्हणून हे पत्र. शिवाय सोमवारी माझ्यासमोर एक पेच येणार आहे, आणि तो तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

आठवतं, लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही मला रेच्यावर नेलंत? रुई आणि सरकी वेगळी करणारं ते यंत्र, त्याचा तो आवाज, आणि हवेत उडणारी ती पांढरी धूळ. बारावी झालेल्या सुनेनं हे काम करायचं म्हणून माझं तोंड फुगलं होतं. तुम्ही माझ्या नाकाला ओढणी बांधत म्हणालात, ‘बारावी झाली तं काय झालं? कापूस तुले मार्कशीट मांगते काय?’ सगळ्या बायका हसल्या होत्या. मी दिवसभर तुमच्याशी बोलले नव्हते, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मग ती सकाळ. आपण नेहमीसारख्या डबे घेऊन पोचलो आणि फाटक आतून लावलेलं. चौकीदार म्हणाला, आज काम नाही, घरी जा. दुसऱ्या दिवशी गेलो, तर आपल्या जागी दुसऱ्या बायका उभ्या! ऑफिसातून निरोप आला की कालपासून तुम्ही स्वतःच काम सोडून गेलात. फाटकाच्या गजांना धरून तुम्ही ओरडलात, ‘आमाले इचारलं काय कोनी? काढाच्या आंधी एक डाव इचाराचं तरी!’ तुमचा आवाज रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनीही ऐकला असेल. हे वाक्य पुढे तुमच्याच वाटेत येऊन उभं राहणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

युनियननं भांडण उचललं. कोर्टकचेरीत आयुष्य जाईल म्हणून कंपनी आणि युनियन, दोघांनी मिळून लवाद नेमायचं ठरवलं. लवाद म्हणजे दोघांनाही चालणारा तिसरा माणूस. तो दोन्ही बाजू ऐकणार आणि निवाडा देणार. निवृत्त अधिकारी होते ते. उंच, बारीक, शुगरवाले, आणि बोलणं एकदम कमी. यवतमाळला सुनावण्या झाल्या. आपल्या बाजूनं युनियनचे पुढारीच बोलले. कायद्याची कलमं बोलले, हंगामी कामगारांचे हक्क बोलले. फाटकाचा मात्र कोणी शब्दही काढला नाही. रेच्यावरच्या एकाही बाईला उभं केलं नव्हतं, तर काढणार कोण?

आणि मग साहेब कारखाना पाहायला वणीला आले.

भर एप्रिलचं ऊन. दोन्ही बाजूंची माणसं सोबत होती, पाहणी रीतसर झाली. मालकानं जेवायला थांबा म्हटलं, तर साहेब म्हणाले, खटला चालू आहे, तुमचं पाणीही नको. एवढा काटेकोर माणूस! सगळे पांगले. आणि आपल्या वस्तीसमोर त्यांच्या गाडीचा टायर बसला. ड्रायव्हर चाक घेऊन गेला आणि साहेब कोळशाच्या धुळीत, लिंबाखाली, दगडावर बसले. मी दारातून पाहिलं आणि आत आले. आणि तुम्ही? तुम्ही तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकून थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिलात.

‘सायब, हात थरथर कापून राह्यले तुमचे. उठा. घरात चाला.’

ते नको नको म्हणत होते, पण त्यांना घाम फुटला होता. तुम्ही त्यांना खाटेवर बसवलंत, चुलीवर तवा टाकलात. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, कांदा, ठेचा. मी पंखा त्यांच्याकडे वळवला. साहेब पहिल्या घासाला डोळे मिटून बसले होते, ते माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. आणि मग तुम्ही समोर बसून बोलायला लागलात. फाटक कसं लावलं, कोणी लावलं, मॅनेजर आत उभा राहून कसा पाहत होता, सगळं. साहेब ऐकत होते. तुम्ही वाढत होतात आणि सांगत होतात. यात काही चुकतंय, असं आपल्या कोणाच्याही मनाला शिवलं नाही. घरी आलेल्या माणसाशी बोलायचं नाही, तर काय भिंतीशी बोलायचं?

निवाडा आपल्या बाजूनं आला. त्यात चक्क लिहिलं होतं, मॅनेजरनं फाटक लावून बायकांना हाकललं, कामगारांनी काम सोडलं नव्हतं. वस्तीत डफडं वाजलं, माय! तुम्ही नाचलात! गुडघे दुखतात म्हणून रोज माझ्याकडून तेल चोळून घेणारी बाई नाचली!

तो आनंद फार टिकला नाही. कंपनी नागपूरला हायकोर्टात गेली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ही फाटकाची गोष्ट सुनावणीत कधी आलीच नाही, ती लवादानं एका कामगाराच्या घरी जेवताना, आमच्या पाठीमागे ऐकली. आम्हाला उत्तर द्यायला मिळालं नाही.

आपले वकीलसाहेब घरी आले. सोबत युनियनच्या पुढाऱ्यांनी सांगून लिहवून घेतलेलं प्रतिज्ञापत्र होतं. त्यांनी ते वाचून दाखवलं: ‘लवादसाहेबांनी माझ्या घरी फक्त पाणी घेतले. खटल्याबद्दल काहीही बोलणे झाले नाही.’

तुम्ही भाजी निवडत होतात. हात थांबले.

‘नुसतं पानी?’

‘हो, मावशी.’

‘तळतळत्या उन्हाचा मानूस माह्या दारी आला अन् मी त्याले नुसतं पानी पाजून लावून देल्लं? असं कोर्टात लिवून देऊ? उद्या मले सोयऱ्यायत तोंड दाखवाचं हाये ना! भाकर खाल्ली त्यायनं. ठेचा मांगून घेतला अजून.’

वकीलसाहेबांना हसू आवरेना. मलाही. मी म्हटलं, बरं माय, भाकर लिहू, पण बोलणं झालं नाही एवढं तरी राहू द्या.

‘अन् तो जेवत होता तवा मी काय मूग गिळून बसलती?’

आता वकीलसाहेबांचं हसू गेलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला. म्हणाले, ‘मावशी, बोलणं झालं असेल तर मी झालं नाही असं लिहिणार नाही. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. पण ऐका, खरं लिहिलं तर निवाडा जाऊ शकतो. तुमचा एकटीचा नाही, सगळ्या बायकांचा.’

माझं डोकं फिरलं. मी तुमच्यावर किती ओरडले! एका भाकरीपायी सगळ्या वस्तीचं काम घालवता काय, म्हटलं. तुमची इज्जत मोठी की बायकांची पोटं? तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. वकिलाला विचारलंत, ‘मी सायबाले फाटकाचं सांगतलं, तवा तो मॅनेजर तथी होता काय?’

‘नव्हता.’

‘मंग मांगून तरी त्याले इचारलं काय कोनी, का बाप्पा तू फाटक काहून लावलं?’

‘नाही, मावशी.’

तुम्ही पुन्हा पालकाच्या काड्या मोडायला लागलात. मग म्हणालात, ‘आमाले बी कोनी इचारलं नवतं.’ आणि म्हणालात, ‘खरं लिव. मी सही करतो.’

माय, तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता. आज हे लिहिताना अंगावर काटा येतोय. कुठून आणलंत हे? तुम्हाला ना कोणी शिकवलं, ना सांगितलं. सुरुवात तर भाकरीच्या अभिमानानं झाली! आणि तिथून तुम्ही सरळ अशा ठिकाणी जाऊन पोचलात, की जिथं आपल्याला हाकलणारा माणूस आणि आपण एकाच मापानं मोजले जात होतो. मी असते तर पाण्यावर सही करून मोकळी झाले असते.

वस्तीनं तुमच्याशी कसं वागावं? नळावर बायका तोंड फिरवायच्या. रेच्यावर आपल्यासोबत असलेल्या, तुमच्याकडे खर्रा मागायला येणाऱ्या शेवंताबाईनंसुद्धा दुसरं दार धरलं. तुम्ही एका शब्दानं कोणाला काही म्हटलं नाही. निदान मला तरी रात्री जेवताना सांगायचं होतं, की मनाला लागतं म्हणून!

नागपूरला आपण एसटीनं गेलो. ती कोर्टाची इमारत! मान वर करून पाहता पाहता तुमचा पदर पडला. आत काळ्या कोटांची गर्दी, सगळं इंग्रजीत, आणि आपण मागच्या बाकावर चपला पोटाशी धरून बसलेल्या. शिपायानं हसून सांगितलं तेव्हा कुठे त्या खाली ठेवल्या. दोन्ही वकील किती तरी बोलले. मग जजसाहेबांनी आपल्या वकिलाला एकच काहीतरी विचारलं आणि आपले वकीलसाहेब ‘नो’ म्हणाले. बस! तेवढ्यावर खेळ आटोपला.

बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं, जजनी विचारलं होतं की फाटकाबद्दल मॅनेजरला आपलं म्हणणं मांडायची संधी दिली होती का? निवाडा रद्द झाला. नवा लवाद, नवी सुनावणी. मी म्हटलं, पण साहेब, फाटक तर खरंच लावलं होतं ना? ते म्हणाले, ‘ताई, कोण खरं आणि कोण खोटं, हे आज कोर्टानं पाहिलंच नाही. निवाडा देणाऱ्यानं दोघांचं, दोघांसमोर ऐकलं का, एवढंच पाहिलं. खऱ्या गोष्टीलाही त्याच दारातून यावं लागतं.’

एवढी मोठी इमारत, एवढी पुस्तकं, आणि सगळं येऊन अडलं ते आपल्या चुलीपुढच्या ताटापाशी! कोणा एका मॅनेजरला विचारलं की नाही, याची त्या उंच खुर्चीवरच्या माणसाला काळजी. मला रडू येत होतं, तरी आतून कुठेतरी छाती भरून आली होती. तुम्ही झाडाखाली बसून डबा सोडलात. म्हणालात, ‘बराबर झालं.’ खरं सांगते, डबा घेऊन पळून जावंसं वाटलं मला.

पण पुढचं तर त्याहून मोठं होतं.

नव्या लवादासमोर या वेळी बायका बोलल्या. तुम्ही बोललात, मी बोलले. फाटकाची गोष्ट सगळ्यांसमोर आली. शेवंताबाईही बोलली, पण कंपनीच्या बाजूनं. तिला त्यांनी मधल्या काळात परत कामावर घेतलं होतं. बायकांनी काम स्वतःहून सोडलं, असं तिनं मान खाली घालून सांगितलं. तुमचा चेहरा पाहवत नव्हता.

मग मॅनेजर आला. आपल्या वकिलांनी विचारलं, फाटक तुम्ही लावलं? तो मालकाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता नाही म्हणणार. पण तो म्हणाला, ‘लावलं. पहिल्या निवाड्यात माझ्या नावानं लिहिलंय की मी बायकांना हाकललं. माझ्या मुलींनी वाचलं ते. मी हाकललं नाही. त्या सकाळी कापसाच्या ढिगातून धूर निघत होता. बायका आत आल्या असत्या आणि भडका उडाला असता, तर? म्हणून मी फाटक लावलं. धूर आवरला. संध्याकाळी मला सांगण्यात आलं की उद्यापासून दुसऱ्या बायका येतील. तिथं मी गप्प बसलो, ती माझी चूक.’

बघा ना, माय! आपण ज्याला इतके दिवस शिव्या घातल्या, तो आपल्याला वाचवायला फाटक लावत होता! आणि त्याच्याच तोंडून हेही ठरून गेलं, की काम आपण सोडलं नव्हतं. पहिल्या निवाड्यानं आपल्याला काम दिलं असतं, पण तो माणूस जन्मभर आपल्यासाठी राक्षस राहिला असता.

बाहेर व्हरांड्यात तुम्ही त्याला गाठलंत. मला वाटलं, आता याची खैर नाही.

‘आग होती तं सांगाचं नाही काय रे? आमी बादल्या घेऊन आलो असतो!’

तो म्हणाला, ‘मले कोनी इचारलंच नाही, बाई.’

तुम्ही कमरेची पुडी काढून त्याच्यापुढे खर्रा धरलात, आणि मी तुमचा हात मागे ओढला. म्हटलं, माय, पाया पडते, निवाडा येईपर्यंत कोणाला काही खायला देऊ नका! तो मॅनेजर इतका हसला की त्याला ठसका लागला.

निवाडा यायच्या आधी पावसाळ्यातच तुम्ही गेलात. आयुष्यभर नाकातोंडात गेलेली रुई शेवटी श्वासाला नडली. एवढी घाई होती का? थोडं थांबायला काय झालं होतं?

तुमच्या पुण्यानुमोदनाला ते पहिले लवादसाहेब आले होते. बुद्धवंदना होईपर्यंत मागे उभे राहिले. मी पान वाढायला गेले, तर विचारतात, ‘आज तुमचा माझ्यापुढे कोणता खटला नाही ना?’ मी रडता रडता हसले. जेवताना म्हणाले, ‘माझा निवाडा रद्द झाला तेव्हा फार लागलं होतं. जेवणाचं मी कुठे नोंदवलं नव्हतं, कारण मला त्यात काही वाटलंच नाही. वकिलांनी मला त्या पाण्याच्या कागदाचं सांगितलं. तुमच्या सासूबाईंनी त्यावर सही केली असती, तर मीही आयुष्यभर तेच खरं धरून बसलो असतो.’  आणि ठेचा या वेळीही मागून घेतला.

नवा निवाडा आपल्या बाजूनं आला, कंपनी पुन्हा नागपूरला गेली, आणि कालचा फोन त्याचाच. मी वकिलांना विचारलं, मागे तर कोर्टानं आपला निवाडा मोडला होता, आता का नाही मोडला? ते म्हणाले, ‘या वेळी दोघांचं नीट ऐकलं होतं आणि पुरावा समोर होता. तसं असेल तर कोर्ट लवादाच्या खुर्चीत जाऊन बसत नाही.’ म्हणजे त्या दिवशी तुम्ही जे घालवलं असं मी समजत होते, त्याच्याच जोरावर आज हे टिकलं. किती हट्टी होतात तुम्ही, आणि किती थोर! तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर ‘येडी-बह्याड झाली काय वं?’ म्हणाल्या असतात.

आता तो पेच ऐका. बायकांनी टोळीची मुकादम मला केलंय. आणि काल सगळ्या जमून म्हणाल्या, शेवंताबाईला टोळीत घ्यायचं नाही. विरोधात साक्ष दिली तिनं, तिला फाटकातूनच परत पाठव. माय, तोंडावर ‘हो’ आलंच होतं माझ्या! त्या बाईनं तुमच्याशी बोलणं टाकलं, वर तिकडे जाऊन खोटं बोलली. माझ्या मनात तिच्यासाठी तसूभरही जागा नाही. बायका वाट पाहत होत्या, आणि मला फाटकाचे गज धरलेले तुमचे हात दिसले. मी म्हटलं, सोमवारी सांगते.

तर हे माझं वचन घ्या. सोमवारी फाटकापाशी, सगळ्या टोळीसमोर, मी शेवंताबाईला विचारीन, बाई, तू असं काहून केलं? ती बोलत असताना मध्ये तोंड घालणार नाही. मला ते किती जड जाईल, हे तुम्हीच जाणता. तिचं पूर्ण ऐकल्यावर टोळी ठरवील, आणि कदाचित मी कडाकडा भांडेनही. पण ऐकायच्या आधी नाही. आणि तिच्या घरी जाऊन, किंवा तिला आपल्या चुलीपाशी बसवून तर मुळीच नाही.

दोन भाकरी जास्तीच्या बांधून नेते. ठेचाही. पण त्या फडक्याची गाठ तिचं बोलणं संपल्यावरच सोडीन, माय.

तुमची भांडकुदळ सून,
प्रज्ञा